नक्कल येत होती, तरी केली नाही

कुमार गंधर्वांच्या ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या रेकॉर्डबद्दल बोलताना बहुतेक जण ‘बालगंधर्व’ या नावापासून सुरुवात करतात. माझं लक्ष आधी ‘उमजलेले’वर जातं. ‘आठवणीतले’, ‘मनातले’, ‘अजरामर’ असं काहीही म्हणता आलं असतं. आदरांजलीच्या कार्यक्रमांना अशीच नावं देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कुमारांनी ‘उमजलेले’ म्हटलं आणि त्याच्या आधी ‘मला’ लावलं. जेवढं मला कळलं तेवढं गातो, तुम्हाला वेगळं कळलं असेल तर तुम्ही तसं गा, असं हे नाव आहे. त्यात नम्रता आहे आणि चांगलाच हट्टही आहे.

ज्यांनी ही रेकॉर्ड ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, 1888 ते 1967. मराठी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे आणि गाणारे नट. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू त्यांची. कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकली, 1924 ते 1992. बेळगावजवळच्या सुळेभावीचे, घरची भाषा कन्नड, मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकलेले आणि 1948 पासून मध्य प्रदेशातल्या देवासला राहिलेले ख्यालगायक. दोघांच्या नावात ‘गंधर्व’ आहे, पण नातं काही नाही. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी होती आणि ती लहानपणीच मिळाली होती. या ख्यालगायकाने त्या नटाची नाटकातली पदं निवडून मैफलीत गायली, त्याची रेकॉर्ड निघाली. आज ती कुठल्याही फोनवर ऐकता येते.

इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. जॅझमध्ये ‘स्टँडर्ड’ नावाची गोष्ट असते. सगळ्यांना पाठ असलेलं, जुनं, लोकप्रिय गाणं. त्यातली कितीतरी गाणी मुळात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांसाठी लिहिलेली होती. नाटकं विस्मरणात गेली, गाणी उरली. जॅझ गायक ती उचलतात, चाल एकदा दाखवतात, मग तिच्यातून आपली वाट काढतात. 1956 मध्ये एला फिट्झजेराल्डने कोल पोर्टर या गीतकार-संगीतकाराच्या गाण्यांचा एक अख्खा अल्बम केला आणि पुढच्या काही वर्षांत अर्विंग बर्लिन, गर्श्विन बंधू, ड्यूक एलिंग्टन अशा एकेका रचनाकारावर तशीच मालिका केली. पोर्टर श्रीमंत घरातला गोरा माणूस. एला काळी, आई गेल्यावर किशोरवयात हाल काढलेली. पण त्या गाण्यांची नावं निघाली की आज पोर्टरच्या जोडीने तिचा आवाज आठवतो. 1960 मध्ये जॉन कोल्ट्रेनने ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या नाटकातलं एक साधं गाणं सॅक्सोफोनवर घेतलं आणि तेरा मिनिटांच्या वर वाजवलं. आलाप ऐकायची सवय असलेल्याला ते ऐकून चुकल्यासारखं वाटत नाही.

आपली नाट्यपदं म्हणजे आपली स्टँडर्ड. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘स्वयंवर’ 10 डिसेंबर 1916 ला रंगभूमीवर आलं. आज ते नाटक पूर्ण पाहिलेले लोक शोधावे लागतील. पण भास्करबुवा बखल्यांनी चाली दिलेली त्यातली पदं गाणारे शंभर वर्षांनंतरही आहेत. नाटक मागे राहिलं, गाणं मैफलीत शिरलं आणि तिथेच राहिलं. म्हणून कुमारांची ही रेकॉर्ड मला भक्तिभावाने ऐकायची वस्तू वाटत नाही. एका कसलेल्या गायकाने लोकप्रिय गाण्यांशी कसं वागावं, याचं ते उदाहरण आहे आणि तसंच ते तपासलं पाहिजे.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘मूळ ते मूळ.’ यूट्यूबवर कुठल्याही नाट्यपदाखाली हे वाक्य सापडतं. पण मूळ म्हणजे नक्की काय? जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं तर पदाच्या वर ‘चाल’ म्हणून एक ओळ छापलेली दिसते. हे पद अमक्या बंदिशीच्या, अमक्या ठुमरीच्या, अमक्या लावणीच्या चालीवर म्हणायचं, असं तिथे नाव घालून सांगितलेलं असतं. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ केलं तेव्हाही साकी, दिंडी, कीर्तनातल्या आणि लावणीच्या चाली त्यांनी सरळ घेतल्या. भास्करबुवांनी ख्यालाच्या बंदिशी रंगभूमीवर आणल्या. ‘एकच प्याला’च्या पदांना सुंदराबाईंकडच्या चाली मिळाल्या आणि शब्द विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिले, कारण गडकऱ्यांच्या हातून पदं व्हायची राहिली होती. 23 जानेवारी 1919 ला राम गणेश गडकरी आमच्या विदर्भात, सावनेरला वारले. नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो ते आधीच कुणाचं तरी ऐकून, उचलून, दुसऱ्या शब्दांत बसवलेलं असतं.

दुसरी अडचण रेकॉर्डची. बालगंधर्वांचं गाणं आपल्यापर्यंत मुख्यतः 78 आरपीएमच्या तबकड्यांमधून आलं. एका बाजूला साधारण तीन मिनिटं. रंगभूमीवर मात्र तेच पद किती वेळ चालेल याला धरबंध नव्हता. वन्समोअर यायचे, पद पुन्हा घेतलं जायचं, नाटक पहाटेपर्यंत चालायचं. तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा माणूस बसलेला असताना पुन्हा घेतलेलं पद आधीसारखंच निघेल हे शक्य नाही. तीन मिनिटांची तबकडी हा त्या सगळ्याचा पासपोर्ट फोटो आहे. फोटो खरा आहे, तो जपून ठेवलाच पाहिजे, पण माणूस तेवढाच होता असं नाही. जे लोक तबकडीतली जागा न जागा प्रमाण मानतात ते बालगंधर्वांशी जेवढे प्रामाणिक आहेत, तेवढेच तबकडीच्या मापाशीही आहेत.

आता कुमारांकडे येऊ. हा मुलगा वयाच्या नऊ-दहाव्या वर्षी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचा. ताना, मुरक्या, आवाजाचा लगाव, सगळं. त्यावर त्याचे जलसे होत. लोक थक्क व्हायचे. म्हणजे नक्कल या माणसाला जमत होती, आणि जमत होती म्हणूनच त्याचं बालपणीचं नाव झालं होतं. पुढे त्यानेच बालगंधर्व गायला घेतले आणि नक्कल बाजूला ठेवली. या रेकॉर्डमधली सगळ्यात मोठी गोष्ट मला हीच वाटते. ज्याला नक्कल येत नाही त्याने वेगळं गाण्यात विशेष काही नाही, त्याला दुसरा मार्गच नसतो.

मग यात ऐकू काय येतं? बालगंधर्वांचं यमनातलं ‘नाथ हा माझा’ आधी ऐका. तिथे गाणं बोलण्याला चिकटून चालतं. शब्द ओठातून जसा बाहेर पडेल तसा स्वच्छ पडतो, त्याला अलगद वळण मिळतं, आणि लय इतकी अंगवळणी पडलेली आहे की सम आली हे ती येऊन गेल्यावर कळतं. पाठीमागे ऑर्गनचे भरलेले सूर असतात. कुठे फट नाही. कुमार ‘स्वयंवर’मधली पदं गातात तेव्हा तो सलगपणा पहिल्यांदा जातो. आवाज वर जातो, टोकदार होतो, एक छोटी जागा घेतो आणि थांबतो. तंबोरा ऐकू येतो. मग पुढचा तुकडा. कधी शब्द एकदम जोराने येतो, कधी जवळजवळ पुटपुटल्यासारखा. ओळीचा एखादा तुकडा ते दोन-तीनदा वेगवेगळ्या बाजूंनी धरून बघतात, जसं आपण हातात आलेली अनोळखी वस्तू फिरवून बघतो.

डोणगावहून मेहकरला जाताना एकदा मी हे मित्राला ऐकवलं. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. दोन मिनिटांनी त्याने माझा फोन हातात घेऊन स्क्रीन बघितली. “काय लावलं बे हे? गानं अटकून रायलं ना!” त्याला वाटलं रेंज जाते आहे. मला हसू आलं, पण कुमारांच्या गाण्याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. गाणं खरंच अडकतं. प्रश्न एवढाच आहे की अडकल्यावर तिथे काय घडतं.

याचं ठरलेलं उत्तर कुमारांच्या आजारपणात शोधलं जातं. क्षयाने त्यांना काही वर्षं गाणं बंद ठेवायला लावलं, एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं, दम पुरेना म्हणून तुकडे आले. हे खरं असेलही, पण अर्धंच. दम कमी असलेला गायक दम वाचवतो. कुमार थांबतात ते वाचवण्यासाठी थांबल्यासारखे वाटत नाहीत, कारण थांबल्यानंतरची जागा आधीच्यापेक्षा अवघड असते. मला ते थांबणं ऐकण्यासारखं वाटतं. बालगंधर्वांची ती जागा त्यांच्याही डोक्यात वाजते आहे, श्रोत्यांच्याही डोक्यात वाजते आहे, आणि ती वाजू द्यायला त्यांनी जागा सोडली आहे. तुमच्या आठवणीतलं गाणं आणि समोरचं गाणं एकाच वेळी चालू राहतं. स्टँडर्ड गाण्याचा खरा फायदा हाच. नवीन गाण्यात गायक काही सोडून देऊ शकत नाही, कारण सोडलेलं भरून घ्यायला ऐकणाऱ्याकडे काही नसतं. सगळ्यांना पाठ असलेल्या गाण्यात न गायलेली जागाही ऐकू येते.

दुसरं जे जातं ते लुगडं. बालगंधर्व पुरुष होते आणि रुक्मिणी होऊन गात होते. त्यांच्या आवाजातला लाडिकपणा, लाजणं, मान वळवणं हे त्या भूमिकेचं होतं. तबकडीवरसुद्धा ते दिसतं म्हणावं इतकं ऐकू येतं. कुमार भूमिका करत नाहीत. ते रुक्मिणी होत नाहीत आणि बालगंधर्वही होत नाहीत. शब्द प्रेमात पडलेल्या मुलीचे राहतात आणि आवाज एका प्रौढ पुरुषाचा, तोही अजिबात न लाजणारा. सुरुवातीला हे विचित्र वाटतं. मग एक गोष्ट लक्षात येते. नखरा काढून घेतल्यावरही पदातली ओढ शिल्लक आहे, म्हणजे ती ओढ चालीत होती. वेशभूषेवर खूश झालेल्यांना ती तिथे आहे हे कदाचित कळलंही नसेल. कुमारांना बालगंधर्वांमध्ये जे ‘उमजलं’ ते बहुधा हे असावं: स्वर लावण्याची जागा, त्याचा नेमका क्षण आणि शब्दाचं वजन. बाकीचं त्यांनी आदराने रंगभूमीवर ठेवून दिलं.

इथपर्यंत वाचून ही निव्वळ स्तुती वाटू नये, कारण या रेकॉर्डमध्ये गमावलेलंही बरंच आहे. नाट्यपद हे कुणीतरी कुणाला तरी काही सांगण्यासाठी असतं. ‘एकच प्याला’मधल्या सिंधूचं पद तिच्या घरातल्या दारूपासून, नवऱ्यापासून, पाळण्यातल्या मुलापासून वेगळं काढलं की त्यातलं काहीतरी मरतं. बालगंधर्वांच्या तबकडीत तीन मिनिटांतही समोर कुणीतरी उभं आहे असं वाटतं. कुमारांच्या गाण्यात समोर फक्त राग असतो. काही ठिकाणी शब्द मधोमध तुटतो आणि अर्थ लावायला आपल्याला तो परत जोडावा लागतो. ज्याला पद आधीपासून पाठ नाही त्याच्यासाठी ही रेकॉर्ड बालगंधर्वांची ओळख म्हणून फारशी कामाची नाही. ती दुसऱ्यांदा ऐकायची आहे, पहिल्यांदा नाही.

पहिल्यांदा ऐकण्यासाठी आनंद भाटे आहेत. आपल्या पिढीतल्या पुष्कळांना बालगंधर्व कळले ते 2011 च्या रवी जाधव दिग्दर्शित ‘बालगंधर्व’ चित्रपटातून. सुबोध भावे पडद्यावर होते आणि आवाज भाट्यांचा. त्या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे काम वेगळं होतं: तो काळ, तो आवाज, ती जागा जशीच्या तशी उभी करणं. भाट्यांनी ते इतक्या सफाईने केलं की तबकडीची खरखर पुसून आतलं चित्र दिसावं. ते कुमारांपेक्षा कमी दर्जाचं काम आहे असं मला वाटत नाही. जुना वाडा होता तसा दुरुस्त करणारा गवंडी लागतोच. पण त्या वाड्यात आज राहायचं कसं, हे तो सांगत नाही. कुमार त्यात राहून दाखवतात. एखादी भिंत पाडतात, आणि ती पाडायला नको होती असंही काही वेळा वाटतं.

हे सगळं मी डोणगावात बसून का लिहितो आहे, याचं उत्तर द्यायला हवं. आमच्या गावात नाट्यगृह नाही. इथे गाणं म्हणजे हरिनाम सप्ताह, भजनी मंडळ, जयंतीला भीमगीतं, वरातीत डीजे. नाट्यसंगीत हे ‘तिकडचं’ समजलं जातं. तिकडचं म्हणजे पुण्याचं, मुंबईचं, सांगलीचं. माझ्या मामेबहिणीचा गळा चांगला आहे. शाळेत असताना तिने एका स्पर्धेत ‘स्वयंवर’मधलं पद म्हटलं होतं. परीक्षकांनी आवाजाचं कौतुक केलं आणि मग सांगितलं की ‘ण’ नीट येत नाही, ही गाणी तुमच्याकडची नाहीत, तुम्ही भजन म्हणा. बोलणं प्रेमाचं होतं. तिने ते ऐकलं आणि नाट्यपद सोडलं. आजही सप्त्यात ती गाते तेव्हा बायका माना डोलावतात, पण यमनातलं ते पद तिने परत काढलेलं नाही.

त्या परीक्षकांना मी तीन गोष्टी सांगेन. ‘स्वयंवर’ची नायिका रुक्मिणी ही वैदर्भी. तिचं कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं, वर्धेकाठचं कौंडण्यपूर, असं इकडे सगळे मानतात. गाणी ‘तुमच्याकडची नाहीत’ असं ज्या मुलीला सांगितलं, त्या गाण्यातली मुलगीच तिच्याकडची आहे. खरी रुक्मिणी ‘पाणी’ म्हणाली असेल की ‘पानी’, यावर मी पैज लावणार नाही.

दुसरी गोष्ट चालीची. आमचं भजनी मंडळ एखादा अभंग सिनेमाच्या चालीवर म्हणतं तेव्हा शिकलेली माणसं नाक मुरडतात. भीमगीतांमध्येही गाजलेल्या चाली सर्रास घेतात. हे उथळ आहे असं म्हणायचं असेल तर किर्लोस्करांपासूनच म्हणावं लागेल, कारण पदावर छापलेली ती ‘चाल’ची ओळ हेच करते. लोकांच्या ओठावरचा सूर घ्यायचा आणि त्यात आपलं म्हणणं भरायचं. फरक असेल तर कसबाचा. रीत तीच आहे.

तिसरी गोष्ट कुमारांची. कन्नड घरात जन्मलेला, हिंदी मुलखात राहणारा, नाटक कंपनीत कधीही न वाढलेला माणूस मराठी रंगभूमीची पदं गातो आणि नाव देतो ‘मला उमजलेले’. त्याने वारसा सांगितला नाही. मी अमक्या बुवांचा शिष्य, आमच्या घरी बालगंधर्व जेवायला येत, असलं काही नाही. हक्क एकाच गोष्टीचा सांगितला, कळण्याचा. आमच्या वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडेही पुढे नाट्यसंगीताचं मोठं नाव झाले. तेव्हा ‘तुमच्याकडचं नाही’ हे तसंही इतिहासाला धरून नाही. पण वसंतराव झाले नसते तरी कुमारांचा मुद्दा पुरला असता. गाणं कळायला गाव लागत नाही.

मात्र ‘उमजणं’ स्वस्त समजू नये. हल्ली कव्हर, अनप्लग्ड, लोफाय या नावांखाली जुनं गाणं हळू करून, खाली पावसाचा आवाज लावून सोडून दिलं जातं. त्यातली काही मी रात्री ऐकतो, वाईट नसतात. पण त्यात मूळ गाण्याबद्दल काही कळल्याची खूण नसते, फक्त मूड बदललेला असतो. कुमारांच्या प्रत्येक बदलामागे काहीतरी आधी पूर्ण ऐकलेलं असतं. त्यांनी सोडलेली जागा त्यांना येत होती. कव्हर करणाऱ्या कुणालाही हीच कसोटी लावता येईल: जे तू गायलं नाहीस, ते तुला गाता येतं का?

ऐकायची तर अशी ऐका. ‘स्वयंवर’मधलं एक पद निवडा. आधी बालगंधर्वांची तबकडी, खरखरीसकट, चार-पाच दिवस, पाठ होईपर्यंत. मग कुमार. स्पीकरवर नको, इअरफोन लावा, आणि गाणं अडकलं की फोनकडे बघू नका. मामेबहिणीला मी हे दोन्ही दुवे पाठवलेत. तिने कुमार ऐकून मला विचारलं, “यांले ते मधलं येत नव्हतं का रे?” येत होतं, मी लिहिलं. मग बऱ्याच वेळाने तिचा एक व्हॉइस मेसेज आला, चाळीस सेकंदांचा. पद तेच होतं, यमनातलं. ‘ण’ तिचाच होता.